विष गव्हाणीत, तपासणी टँकरपाशी

वडोदऱ्यात दुधाचा विषय निघाला की तो पाणी, युरिया आणि डिटर्जंट यांवर येऊन थांबतो. सणासुदीच्या आधी छापे पडतात, माव्याचे डबे जप्त होतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात आणि आपण समजतो की दुधाची राखण झाली. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये देशभरातल्या ११०३ लहान-मोठ्या शहरांतून दुधाचे ६४३२ नमुने गोळा केले. पुढच्या वर्षी निष्कर्ष जाहीर झाले. भेसळीमुळे आरोग्याला धोकादायक ठरलेले नमुने निघाले फक्त १२. ५.७ टक्के नमुन्यांत मात्र अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि सुट्या दुधापेक्षा पिशवीबंद दुधात ते अधिक आढळलं. ते कुणी दुधात मिसळलेलं नव्हतं. गाई-म्हशींनी जे खाल्लं त्यातल्या बुरशीचं ते विष होतं.

इतका स्पष्ट निष्कर्ष हातात असूनही आपलं सगळं लक्ष अजून किटलीवर, टँकरवर आणि हलवायाच्या दुकानावर आहे. माझं म्हणणं असं की तपासणीची जागाच चुकली आहे. हे विष दूध काढण्याच्या आधीच गव्हाणीतून आत येतं. ते अडवायचं तर पेंडीचं आणि दाणाचं, म्हणजे जनावरांच्या खुराकाचं, पोतं तपासावं लागेल, आणि त्या तपासणीचा भार पोतं विकणाऱ्यावर टाकावा लागेल. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईवर नव्हे.

या विषाचा शोधच मुळी पशुखाद्यातून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखावर पिल्लं काही महिन्यांत मेली. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला टर्की एक्स असं नाव पडलं. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला आणि तिच्यातली अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली. शेंगदाणा, सरकी, मका, खोबरं यांवर ती वाढते. पीक उभं असताना पाण्याचा ताण पडला की ती कणसात शिरते. कापणीनंतर माल ओला राहिला की कोठारात पसरते. दाण्यातला ओलावा चौदा टक्क्यांच्या वर गेला, हवा दमट आणि उबदार असली, की तिला दुसरं काही लागत नाही. आपल्याकडे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हीच हवा असते.

बुरशी झाडून टाकली किंवा उन्हात मेली तरी तिने आधी तयार केलेलं विष दाण्यातच राहतं. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. हिरवट दिसणाऱ्या मक्यात ते नसेलही आणि स्वच्छ दिसणाऱ्या पेंडीत भरपूर असेल. गायीच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ चा, म्हणजे खाद्यातल्या मूळ विषाचा, काही भाग रवंथाच्या कोठ्यातले जीवाणू मोडतात, उरलेलं यकृतात जातं, तिथे त्याचं एम१ होतं, आणि बारा ते चोवीस तासांत ते सडात उतरतं. दूध उकळल्याने ते जात नाही, पाश्चरायझेशननेही जात नाही. जंतूंना मारायची जी सवय आपल्या आयांनी आपल्याला लावली, ती इथे उपयोगाची नाही. एम१ दुधातल्या केसिनला धरून राहतं, त्यामुळे पनीर आणि चीजमध्ये किलोमागे ते दुधापेक्षा जास्त सापडतं. तुपात मात्र फारसं जात नाही, एवढा दिलासा वरणभातापुरता घ्यायला हरकत नाही.

घाबरून दूध सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. अन्नातल्या विषारी घटकांचा विचार करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये एम१ ची कर्करोग घडवण्याची ताकद बी१ च्या सुमारे एक दशांश धरली होती. पण आपल्या ताटात बी१ सुद्धा आहेच. शेंगदाणे, मका, मिरची, सगळ्यांतून थोडं थोडं येतं आणि सगळा भार एकाच यकृतावर पडतो. यकृताला हिपॅटायटिस बी झालेला असेल तर अफ्लाटॉक्सिनमुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. शिवाय शाकाहारी घरातलं वर्षा-दोन वर्षांचं मूल वजनाच्या मानाने सगळ्यांत जास्त दूध पितं. युरोपने लहान मुलांच्या दुधासाठी वेगळी, निम्मी मर्यादा ठेवली आहे ती याचसाठी.

हे विष माणसाला काय करतं ते पाहायला लांब जायला नको. १९७४ च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या पंचमहालात (आजचं दाहोद तेव्हा त्यातच होतं) आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात कावीळ आणि पोटात पाणी साठण्याचा आजार पसरला. आदिवासी गावं होती, मका हेच मुख्य अन्न. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, कणसं भिजली, आणि घरात दुसरं धान्य नसल्याने लोकांनी तेच खाल्लं. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीसुद्धा तशीच मेली. अफ्लाटॉक्सिनच्या जगभरच्या अभ्यासात ही घटना आजही सांगितली जाते. वडोदऱ्यातल्या शाळा-कॉलेजांत मात्र तिचा उल्लेख माझ्या कानांवर कधी आला नाही, आणि ते मला फार लागतं.

त्या गावांना नाइलाज होता. आज भिजलेला मका शहाणा माणूस स्वतः खात नाही, तो विकतो. आणि घेणारा म्हणतो, ‘जनावरांना चालेल.’ माणसाच्या खाण्याला नाकारलेल्या मालाला भाव कमी, पण गिऱ्हाईक ठरलेलं. तो माल भरड्यात जातो, पेंडीत मिसळतो आणि पंधरवड्यात पुन्हा आपल्याच चहात येतो. स्वस्त दाणातली बचत ही अशी असते.

आता कायदा काय म्हणतो पाहा. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात ‘अन्न’ कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आहे, तिच्यातून पशुखाद्य स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. म्हणजे दुधात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त एम१ निघालं तर दूध विकणारा दोषी. पण ज्या पोत्यातून ते आलं ते पोतं या कायद्याच्या नजरेतच येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं आय.एस. २०५२ हे मिश्र पशुखाद्याचं मानक आहे, त्यात बी१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, आणि मर्यादा चांगली आहे. पण ते कारखान्यात शिवलेल्या पोत्याचं मानक. सुटी सरकीची पेंड, जिला आपण इकडे सर्रास कपाशियाचा खोळ म्हणतो, गिरणीतून आणलेला मक्याचा भरडा, बेकरीतून उचललेला शिळा पाव, यांच्यावर कसली खूण नसते आणि विचारायलाही कुणी येत नाही. पादरा-डभोईकडच्या गोठ्यांत आणि शहरातल्या भरवाड पशुपालकांच्या तबेल्यांत जनावरांच्या पोटात काय जातं ते पाहिलंत, तर या सुट्या मालाचा वाटा कळेल.

थोडा हिशोब करू, कारण त्याशिवाय ‘मर्यादा’ हा शब्द पोकळ राहतो. दहा लिटर दूध देणारी गाय रोज चार किलो दाण खाते असं धरा. त्यात किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी१ असेल, तर पोटात ४०० मायक्रोग्रॅम गेलं. त्यातलं साधारण एक ते दोन टक्के दुधात उतरतं. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गायींत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंतही जातं. दोन टक्के धरले तर ८ मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.८. मर्यादा ओलांडली. तेच दाण २० च्या मर्यादेतलं असेल, तर लिटरमागे ०.१६ येतं, आपल्या मर्यादेच्या चांगलंच आत. युरोपची दुधासाठीची मर्यादा ०.०५ आहे, तिच्यात हे दूधही बसणार नाही. म्हणून तिकडे दुभत्या जनावरांच्या खाद्याची मर्यादा २० नव्हे, ५ ठेवली आहे. दुधाची मर्यादा आधी ठरवायची आणि तिच्यावरून मागे येत पोत्याची काढायची, अशी ती पद्धत आहे. आपल्याकडे दुधाची मर्यादा एका खात्याकडे, पोत्याचं मानक दुसऱ्याकडे, आणि दोघांच्या मधे शेतकरी उभा.

या विषाची एक बाजू मात्र आपल्या सोयीची आहे, आणि तिचा उपयोग आपण जवळजवळ करत नाही. दूषित खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. काही कीटकनाशकं चरबीत बसून महिनोन्महिने येत राहतात, तसं इथे होत नाही. म्हणून सोमवारी घेतलेल्या नमुन्याचा निकाल मंगळवारी गावात पोचला आणि पोतं बदललं, तर त्याच आठवड्याच्या शेवटी ते दूध निर्धास्त पिता येईल. दुधातल्या इतर कुठल्या दोषात इतक्या लवकर सुधारणा होते?

पण आपली व्यवस्था निकाल गावात पाठवण्यासाठी बांधलेलीच नाही. टँकर डेअरीच्या दारात आला, पट्टी बुडवली, रेघ उमटली नाही (म्हणजे विष जास्त आहे), टँकर परत. टँकरमध्ये कित्येक गावांचं दूध एकत्र झालेलं असतं. स्वच्छ गावाचं दूध दूषित गावाबरोबर जातं आणि दूषित गावाला आपलं चुकलं काय ते कळतच नाही. दुसरा तोटा आणखी वाईट आहे. नाकारलेलं दूध मोरीत ओतलं जाईल असं ज्याला वाटतं त्याने दुधाचा धंदा पाहिलेला नाही. ते दूध मिठाईवाल्याकडे जातं, चहाच्या टपरीवर जातं, दारोदार रतिबाला जातं. कडक नकाराने विष नाहीसं होत नाही. जिथे पट्टी नाही अशा कपात जातं, आणि तो कप बहुतेक वेळा गरिबाचा असतो.

म्हणून नकाराच्या आधी शोध हवा. प्रत्येक दूध मंडळीच्या, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेच्या, बल्क कूलरमधला (दूध गार ठेवणाऱ्या टाकीतला) एकत्रित नमुना पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा तपासावा. एका कूलरमागे शेकडो लिटर असतात, त्यामुळे लिटरमागे खर्च नगण्य पडतो. जिथे आकडा वर गेला त्या मंडळीत माणूस पाठवून पोती तपासावीत. तंत्र परकं नाही: झटपट पट्टी, तिच्या वर एलायझा ही अधिक नेमकी चाचणी, आणि भांडण झालंच तर एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली यंत्रावरची मोजणी. आणंद इथून तासाभरावर आहे. एनडीडीबीची, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची, पशुधन आणि अन्न यांचं विश्लेषण करणारी प्रयोगशाळा तिथेच आहे, कृषी विद्यापीठही तिथेच आहे. देशातल्या फार थोड्या शहरांना हे भाग्य आहे.

पोतं तपासण्यातली खरी अडचण यंत्राची नसून नमुन्याची आहे. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत एखाद-दुसरा दाणा विषाने भरलेला आणि बाकीचे कोरे, असं चालतं. वरून मूठभर उचलून प्रयोगशाळेत पाठवलं तर निकाल बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ असाच येईल, आणि तो खोटा दिलासा असेल. थप्पीतल्या बऱ्याच पोत्यांतून, वर-मधे-खाली पोकळ सळई घालून थोडं थोडं काढायचं, सगळं एकत्र बारीक दळायचं, नीट कालवायचं आणि मग त्यातला चमचाभर तपासायचा. कंटाळवाणं काम आहे. एकट्या शेतकऱ्याला ते झेपणार नाही. पेंडीच्या गिरणीच्या आणि दाणाच्या कारखान्याच्या दारात, माल उतरताना ते सहज होतं. गुजरातच्या बहुतेक जिल्हा दूध संघांचे स्वतःचे दाण कारखाने आहेत. म्हणजे शेतकऱ्याला दाण विकणारा आणि त्याच शेतकऱ्याकडून दूध घेणारा एकच. ज्याच्या हातात दोन्ही टोकं आहेत त्याने मधल्या माणसाला दंड करणं न्यायाला धरून नाही. ज्या मंडळीचं दूध वर गेलं तिला त्याच आठवड्यात तपासलेलं दाण बदलून द्यावं, जुनं परत घ्यावं, आणि दाणाच्या प्रत्येक लॉटचा बी१ चा आकडा फॅटच्या भावाशेजारी फळ्यावर गुजरातीत लिहावा. आज दुधाला भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागाचा. जो शेतकरी महाग पण कोरडी पेंड आणतो त्याच्या खिशात जास्तीचा एक पैसा पडत नाही. अशा बाजारात प्रामाणिकपणाची अपेक्षा कशी करायची?

शेतकऱ्याचं स्वतःचं नुकसानही थोडं नाही, पण ते दिसत नाही म्हणून कुणाच्या नावावर पडत नाही. जनावर खाणं कमी करतं, दूध घटतं, केस राठ होतात, प्रतिकारशक्ती उतरते, सडाचे आजार वाढतात. फ्युजेरियम जातीच्या बुरशीचं झिअरालेनोन असेल, तर माज अनियमित होतो, गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. उत्तरेकडच्या भातपट्ट्यात देगनाला नावाचा रोग माहीत आहे: बुरशी लागलेला भाताचा पेंढा खाणाऱ्या म्हशींची शेपटी, कानांची टोकं, खुरांवरची कातडी सडत जाते. यातली बरीच लक्षणं दुसऱ्या दहा कारणांनीही होतात, म्हणून डॉक्टर इंजेक्शन देतो, टॉनिकच्या बाटल्या येतात, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकलेलं पोतं तसंच चालू राहतं. पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवणं, भिंतीपासून हातभर दूर ठेवणं, पावसाळ्यात गरजेपुरतंच आणून जुनं आधी संपवणं, ढेकूळ धरलेला भाग फेकणं आणि तो दुसऱ्या जनावराला न घालणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. हे सांगायला गावात माणूस हवा. भित्तिपत्रकाने ते होत नाही.

बाजारात विष धरून ठेवणाऱ्या भुकट्याही मिळतात. बेंटोनाइटची माती बी१ ला चिकटून त्याला शेणावाटे बाहेर काढते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये बेंटोनाइटला यासाठी मान्यता दिली. मी त्याच्या विरुद्ध नाही. पावसाळ्यात, आणीबाणीत, ती जरूर वापरावी. पण ती दुधातलं विष कमी करते, पुसून टाकत नाही. झिअरालेनोनसारख्या इतर विषांवर तिचा असर कमीच. आणि भुकटीच्या भरवशावर खराब माल उचलण्याचा मोह फार मोठा असतो. तशीच दुसरी पळवाट मिसळण्याची: एक पोतं खराब, चार चांगली, सरासरी मर्यादेत. युरोपने अशा मिसळण्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडेही ती हवी.

तिसरी पळवाट सरकारांना आवडते. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियातल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन वाढलं, २०१३ मध्ये ते दुधात सापडलं, लोक खवळले. सरकारने दुधाची मर्यादा ०.०५ वरून ०.५ वर नेली आणि एका दिवसात बहुतेक दूध ‘सुरक्षित’ झालं. गायींच्या गव्हाणीत काहीच बदललं नव्हतं. आपली मर्यादा आधीच ०.५ आहे, तेव्हा ती आणखी सैल करण्याची मागणी उद्या कुणी केली, तर तिला ठाम विरोध करायला हवा.

घरातलं एक बोलतो. शिळी पोळी, बुरशी धरलेला ब्रेड, डब्याच्या तळाशी राहिलेले कुबट शेंगदाणे हे सगळं आपण गायीला घालतो आणि पुण्य केल्याचं समाधान मिळवतो. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, आमच्या मराठी घरांतही हे रोज होतं. जेवणाआधी गोग्रास काढून ठेवणारी आपली माणसं. तो घास ताज्या अन्नाचा असतो. जे आपण आपल्या मुलाला देणार नाही ते गायीलाही द्यायचं नाही. ते कचऱ्यात टाका, ओल्या कचऱ्याच्या गाडीत टाका, पण गायीपुढे नको.

आणि वडोदऱ्यापुरती एक मागणी, जी कुठल्या नव्या कायद्याची वाट न पाहता करता येते. ३१ जुलै २०१९ ला या शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा घराघरांत शिरली. दोन्ही वेळा गाद्या, फ्रिज, गाड्या यांच्या नुकसानीवर बोलणं झालं. गोदामांत, दुकानांत, तबेल्यांत भिजलेली पेंड, भरडा आणि दाण यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तो माल उन्हात पसरून पुन्हा विकला गेला नसेल, असं कोण छातीठोकपणे सांगेल? नुकसानभरपाई मिळणार नसेल तर व्यापारी तो फेकणार नाही आणि पशुपालकही फेकणार नाही, आणि त्या दोघांना मी नावं ठेवणार नाही. पुरानंतरच्या पंचनाम्यात भिजलेल्या पशुखाद्याचा वेगळा रकाना असावा, वजन करून त्याची भरपाई द्यावी, आणि तो माल महानगरपालिकेने ताब्यात घेऊन कुणाच्याही गव्हाणीत परत जाणार नाही अशा रीतीने नष्ट करावा. हे जूनच्या आधी ठरलं पाहिजे, कारण पाणी चढल्यावर कुणालाही रकाने आखायला वेळ नसतो.